क्रमांक एकचं अक्षर

ताइनान
२८ सप्टेंबर १९९८

ती. थोरल्या जाऊबाईंना पाओ-श्याचा नमस्कार.

पपनसांची पेटी शनिवारी बसनं आली. मी स्वतः स्टँडवर जाऊन घेतली. यंदा साल पातळ आहे आणि गर गोड आहे. दोन फळं यांच्या फोटोपुढे ठेवली, दोन मुलीसाठी तैचुंगला पाठवली, बाकीची ऑफिसात नेली. सगळ्यांनी मादोउच्या बागेचं नाव काढलं. भावजींच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? झाडावर स्वतः चढू नका म्हणावं.

माझं बरं चाललं आहे. यांना जाऊन नऊ महिने झाले, आता कामात हात बसला आहे. तुम्ही ऑफिस कधी पाहिलं नाही, म्हणून सांगते. देवळामागच्या गल्लीत, शेवयांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एकच लांब खोली. त्यात चार टेबलं आणि चार वेगळे धंदे. खिडकीशी म्हातारे ल्यूकाका जमिनीचे दस्त लिहितात. मग कुओबाई, त्या शिकवणीच्या वर्गांच्या प्रश्नपत्रिका करतात. मग श्यूभाऊ, देवळांची पत्रकं आणि उत्सवांची आमंत्रणं. दाराजवळचं टेबल यांचं होतं, ते आता माझं. लग्नपत्रिका आणि शोकपत्रिका. चौघांत मिळून प्रिंटर दोन. एक ल्यूकाकांचा जुना टिकटिक करणारा, आणि दुसरा सगळ्यांचा, तो गेल्या आठवड्यात बंद पडला.

बंद पडला तोही नेमका वेळ साधून. भुतांचा महिना नुकता संपला होता. महिनाभर थांबलेली लग्नं एकदम निघाली आणि माझ्यापुढे पत्रिकांची रांग लागली. कुओबाई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "उद्या माझी दोनशे मुलं कोऱ्या कागदावर परीक्षा देणार."

श्यूभाऊ म्हणाले, "देऊ देत की. निकाल तोच लागेल."

दुरुस्तीवाला येऊन गेला. याचे सुटे भाग आता मिळत नाहीत म्हणाला. नवा प्रिंटर घ्यायचा तर नवा संगणक घ्यावा लागतो, आणि नव्या संगणकावर आमची जुनी अक्षरजुळणीची प्रणाली चालत नाही. म्हणजे तीही नवी हवी. सगळं मिळून साठ हजारांत बसवायचं ठरलं आणि तिथूनच वाद सुरू झाला. श्यूभाऊंना रंगीत प्रिंटर पाहिजे, देवळाची पत्रकं लाल-सोनेरी निघतात म्हणून. कुओबाईंना भराभर छापणारा पाहिजे. ल्यूकाका म्हणाले, "माझ्या टिकटिकवाल्याला कुणी हात लावायचा नाही. दस्ताच्या तीन प्रती कार्बननं एका ठोक्यात निघाल्या पाहिजेत. तुमच्या लेसरनं एक कार्बन उमटवून दाखवा, मी मिशी काढतो."

शेवटी कुणीतरी म्हणालं, वहिनींना निवडू द्या. श्यूभाऊ म्हणाले, "खरंच. वहिनी बोलत नाहीत, त्यामुळे दुकानदाराला त्यांना बोलण्यात गुंतवता येणार नाही." अशी ती जबाबदारी माझ्याकडे आली. मला आवडली. हे असते तर त्यांनीच केलं असतं.

आता तुमच्या पत्रातल्या गोष्टीकडे येते. यंदा अधिक पाचवा महिना आला, म्हणून यांचं वर्षश्राद्ध महिनाभर अलीकडे धरायचं. दहाव्या महिन्याची अठरावी तिथी, रविवार सहा डिसेंबर. त्या दिवशी इथल्या धूपदानीतली यांच्या नावच्या उदबत्त्यांची राख तुमच्याकडच्या पूर्वजांच्या धूपदानीत मिसळायची आणि देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावांच्या लाकडी फळीवर यांचं नाव चढवायचं. आम्हाला एकच मुलगी. फळी तुमच्या घरी, आणि त्यावर लिहायचा मान भावजींचा. तुम्ही लिहिलंत की भावजी म्हणतात, "ज्या पत्रिकेत मी भाऊ नाही, त्या माणसाचं नाव मी माझ्या घरच्या फळीवर कसं लिहू?"

त्यांचा राग मला समजतो. यांच्या शोकपत्रिकेत नणंदेचं नाव होतं, भावजींचं नव्हतं. त्या दिवशी पत्रिका हातात धरून ते मांडवाबाहेर उभे होते आणि आत न येता परत गेले, ते मी पाहिलं. तुम्ही एकट्याच आत आलात. पण त्यांना पुन्हा एकदा सांगा, आमच्या जुन्या मशीनमध्ये त्यांच्या नावातलं अक्षर नव्हतं. आमच्या धंद्यात ही रोजची अडचण आहे. मशीनमध्ये तेरा हजार अक्षरं असतात आणि नेमकं एखाद्याच्या नावातलं नसतं. घाईत ती ओळच राहून गेली.

थंडी सुरू झाली की मुळ्याच्या वड्या पाठवीन. यंदा घरी सुतक असल्यानं मी करणार नाही, शेजारीण करून देणार आहे.

तुमची धाकटी जाऊ
पाओ-श्या


ताइनान
१९ ऑक्टोबर १९९८

ती. थोरल्या जाऊबाईंना,

तुमचं पत्र मिळालं. भावजींचं उत्तर तुम्ही शब्दाला शब्द लिहिलंत, बरं केलंत. "अक्षर नव्हतं तर हातानं लिहायचं होतं. बापानं दोघांनाही हात दिले होते." मी ते वाचलं.

इकडे प्रिंटरचं काम जवळजवळ झालं. तीन आठवडे मी संध्याकाळी बैमन रस्त्यावरच्या दुकानांत जात होते. एकूण सहा दुकानं पाहिली. प्रत्येक ठिकाणी दुकानदार आपलं नमुन्याचं पान छापून दाखवतो. फुलांची परडी आणि खाली चार ओळी. ते सगळ्याच प्रिंटरवर छान दिसतं. मी ठरवलं, आपलं अवघड पान बरोबर न्यायचं. शोकपत्रिकेइतकं अवघड पान आमच्याकडे दुसरं नाही. ओळी उभ्या, नातेवाइकांची नावं बारीक, सगळ्यांचे पाय एका रेषेत, गेलेल्याचं नाव बाकीच्यांपेक्षा वर चढवलेलं. कुठं केसभर सरकलं तरी घरची वडीलधारी माणसं भांडायला येतात. पण दुसऱ्याच्या घरचं दुःख दुकानात पसरायचं कसं, म्हणून यांचीच पत्रिका घेतली.

पहिल्या दुकानात रंगीत शाईचा प्रिंटर होता. स्वस्त आणि दिसायला देखणा. श्यूभाऊ बरोबर होते, ते त्याच्यासमोरून हलेनात. छापलेलं पान मी हातात घेतलं आणि बोट ओलं करून यांच्या नावावरून फिरवलं. नाव पसरलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, कागदावर पाणी कोण घालतं?" मी म्हटलं, शोकपत्रिका माणसं ओल्या हातानंच धरतात. श्यूभाऊ तिथून गुपचूप बाहेर आले. वाटेत मला म्हणाले, "आमच्या देवाला कोरड्या हाताची माणसं चालतात, पण राहू दे. लेसरच घेऊ."

चौथ्या दुकानातल्या माणसाचं मी नाव विचारलं नाही. तिशीचा असेल. त्यानं पान छापलं, वाचलं आणि म्हणाला, "मावशी, ही पत्रिका कुणाची?"

"माझ्या यजमानांची."

त्यानं रेडिओ बंद केला. "चहा घ्या."

"चहा नको. एक अक्षर सांगते, ते येतं का बघा." मी कागदावर लिहून दिलं. त्यानं शोधलं आणि पडद्यावर रिकामा चौकोन आला.

"हे नाही मावशी. कुणाच्या नावात आहे?"

"माझ्या थोरल्या दिरांच्या."

त्यानं पत्रिका पुन्हा वरून खाली पाहिली. "पण यात तर ते कुठंच नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं.

त्यानं पत्रिका बाजूला ठेवली आणि खुर्ची पडद्याकडे ओढली. मग म्हणाला, अक्षर नाही म्हणून काय झालं, चौकटीतले बारीक चौकोन भरत गेलं की कुठलंही अक्षर आपण बनवू शकतो, दहा मिनिटांचं काम. जुन्या मशीनवरही बनवता येत होतं. त्यानं समोर बसून करून दाखवलं. अक्षर जरा जाड आलं, पण आलं. हे मी का लिहिते आहे ते मला कळत नाही. तुम्ही भावजींना वाचून दाखवायची गरज नाही.

त्याच्याच दुकानातली जुळणी घेतली. बाकीच्यांकडे अक्षर बनवायची सोय वेगळी विकत घ्यावी लागत होती, याच्याकडे आतच आहे, आणि उभ्या ओळी सरळ राहतात. प्रिंटर लेसर, एकरंगी, मिनिटाला आठ पानं. ल्यूकाकांच्या टिकटिकवाल्याचं डोकं दुरुस्त करून नवी रिबन घातली. मिशी राहिली. श्यूभाऊंची रंगीत पत्रकं बाहेरून छापून आणायची. कुओबाईंनी हिशेब करून सांगितलं की दोनशे प्रश्नपत्रिका पंचवीस मिनिटांत निघतील आणि मुलांचं नशीब फिरलं.

परवा नव्या महिन्याची दुसरी तिथी आहे, त्या दिवशी सगळे मिळून ऑफिसात धरणीदेवाला नैवेद्य दाखवतील. तुमचं एक पपनस अजून राहिलं आहे. त्याची साल सुकत चालली आहे, पण कुओबाई म्हणतात देव आतलं बघतो. माझं वर्ष पुरं झालेलं नाही, म्हणून मी दाराबाहेर उभी राहीन.

एक काम तेवढं उरलं आहे. यांनी जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं बनवलेली अक्षरं नव्यावर येत नाहीत. ती पुन्हा एकेक भरायची. यांनी प्रत्येक अक्षर आधी चौकटींच्या वहीत काढून ठेवलेलं आहे, त्यामुळे अवघड नाही, नुसतं चिकाटीचं आहे. वही यांच्या खणात आहे. मी अजून उघडलेली नाही.

सहा डिसेंबरबद्दल भावजी आणखी काही म्हणाले तर कळवा. नाही म्हणाले तरी कळवा.

तुमची धाकटी जाऊ
पाओ-श्या


ताइनान
८ नोव्हेंबर १९९८

ती. भावजींना पाओ-श्याचा नमस्कार.

आजवर मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. जे सांगायचं ते जाऊबाईंमार्फत सांगत आले. हे मात्र तुम्हालाच लिहायला हवं.

नवा प्रिंटर सव्वीस ऑक्टोबरला, सोमवारी आला. दोघांनी जिना चढवून आणला, शेवयांच्या दुकानवाल्यानं मध्ये हात दिला. तो माझ्या टेबलाशेजारी ठेवला आहे, कारण मी सगळ्यांत कमी कुरकुर करते असं सगळ्यांचं मत पडलं. चांगला आहे. पान गरम निघतं आणि ओल्या बोटाला काही लागत नाही. सकाळी कुओबाई, दुपारी श्यूभाऊ, संध्याकाळी मी, अशी पाळी लावली आहे. पाळी कुणीच पाळत नाही, तरी भांडण होत नाही. ल्यूकाका मधूनच उठतात, लेसरसमोर उभे राहतात आणि "याला आवाजच नाही, काम करतो की झोपतो" म्हणून परत जातात. मला या खोलीत बरं वाटतं. हे सांगायला मी लिहीत नाही आहे, पण तेही खरं आहे.

दुसऱ्याच दिवशी मी यांची वही उघडली. तिच्यात दोनशे चौदा अक्षरं आहेत. एका पानावर एक, चोवीस गुणिले चोवीस चौकोनांत पेन्सिलीनं भरलेलं. वर क्रमांक आणि तारीख, खाली कुणासाठी ते. अमक्या गावचे तमके, मुलाचं लग्न. अमक्या बाई, वय एक्याण्णव, शोकपत्रिका. मी शेवटाकडून सुरुवात केली, कारण अलीकडची अक्षरं जास्त लागतात. रोज वीस-पंचवीस करत काल सकाळी पहिल्या पानावर आले.

क्रमांक एक म्हणजे तुमच्या नावातलं अक्षर आहे. तारीख १९८९ सालच्या चौथ्या महिन्याची. त्याच महिन्यात यांनी ते मशीन घेतलं होतं. तुम्ही मामंजींच्या छापखान्याचे शिशाचे खिळे मोडीत घातलेत त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि दीड वर्ष तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नव्हतात. त्या महिन्यात तुमच्या घरी लग्न नव्हतं, कार्य नव्हतं, तुमचं नाव कुणी छापायला दिलेलं नव्हतं. खाली 'कुणासाठी' तिथं यांनी लिहिलं आहे, "दादा." आणि त्याखाली एक सूचना. "डावं अंग थोडं अरुंद धरावं, नाहीतर उजव्याला जागा उरत नाही."

तुम्हाला आठवत असेल. मामंजींनी तुमच्या नावात 'शुभ' हे अक्षर दोनदा जोडून घातलं आणि यांच्या नावात एकदाच. मामंजी सांगायचे, लहानपणी तुम्ही यांना चिडवायचात, "मला दोन, तुला एक." आणि हे म्हणायचे, "तुझ्यातला एक माझाच आहे." ते जोडाक्षर ओतीव खिळ्यांत मिळत नव्हतं म्हणून मामंजींनी लाकडात कोरून घेतलं होतं. खिळे घ्यायला हे टेम्पो घेऊन मादोउला आले तेव्हा खिळ्यांचे खण रिकामे होते, आणि मोडीत ते लाकडी अक्षरही गेलं होतं. घरी येऊन एवढंच म्हणाले, "त्यानं स्वतःचं नावसुद्धा मोडीत घातलं." त्यानंतर तुमचा विषय आमच्या घरात निघाला नाही. छपराखालचा माळा खिळ्यांच्या वजनानं वाकला होता आणि तुमचा नाइलाज होता, हे जाऊबाईंनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. मी ते यांना सांगितलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते.

मशीनमध्ये तुमचं अक्षर नव्हतं हे मी खोटं सांगितलं. पत्रिका जुळवताना मी नणंदेच्या नावाआधी तुमचं नाव टाइप केलं. ते उमटलं. पूर्ण उमटलं. ते तिथं कसं आलं हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. थोडा वेळ त्याच्याकडे पाहत बसले आणि मग ओळ पुसली. घाई नव्हती, पत्रिका दुसऱ्या दिवशी जायची होती. मला वाटलं, दहा वर्षं ज्याचं नाव यांनी तोंडातून काढलं नाही, ते यांच्या पत्रिकेवर मी कशाला घालू. यांच्या मनासारखं करते आहे असं मी समजले. यांनी मला तसं सांगितलं नव्हतं. आजारपणात तुम्हाला कळवू का असं मी विचारलं असतं तर काय म्हणाले असते, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

तुम्ही मांडवाबाहेर उभे राहिलात तेव्हा मी बाहेर येऊन बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी मशीनचं नाव पुढे केलं. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ते पटलं, कारण असं नेहमी घडतं. तुम्हाला पटलं नाही. हातानं लिहायचं होतं, असं तुम्ही म्हणालात. भावजी, यांनी ते हातानंच लिहिलं होतं. पाचशे शहात्तर चौकोनांतला एकेक भरून. पुसलं ते मी.

काल दुपारी मी ते नव्या मशीनवर केलं. यांनी लिहिल्याप्रमाणे डावं अंग अरुंद धरलं. यांच्या नावातलं अक्षर उचलून दोनदा शेजारी ठेवलं आणि मग मधलं अंतर कमी केलं, यांच्या वहीतही तसंच केलेलं दिसतं. मग पत्रिका काढली, तुमची ओळ तिच्या जागी घातली आणि छापली. कुओबाई आपली पानं घ्यायला आल्या होत्या, त्यांना दिसली. "वहिनी, ही तर गेल्या वर्षीची."

"हो," मी म्हटलं, "एक दुरुस्ती राहिली होती."

त्यांनी चष्मा लावून वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपली पानं न घेताच जागेवर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं श्यूभाऊ पाळी मोडून पुढे आले तर त्यांना म्हणाल्या, "थांबा जरा. वहिनींचं काम चाललंय." माझं काम झालं होतं, पण मी तसं सांगितलं नाही.

ती पत्रिका सोबत पाठवते आहे. शोकपत्रिका दुसऱ्यांदा कुणाच्या घरी जाऊ नये म्हणतात, म्हणून दोष टळायला पाकिटात लाल कागद घातला आहे. तो काढून मग पत्रिका उघडा. वहीचं पहिलं पान मी फाडलं नाही. फाडायचं मनात आलं होतं, पण वही यांची आहे. पाहायचं असेल तर इकडे या. गुडघ्यामुळे जिना चढवत नसेल तर वही मी खाली शेवयांच्या दुकानात आणीन. तिथं बसायला जागा आहे.

सहा डिसेंबरला आम्ही मायलेकी यांची धूपदानी घेऊन सकाळच्या पहिल्या बसनं निघू आणि आठपर्यंत मादोउला पोचू. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी जाऊबाईंना दोष देणार नाही आणि तुम्हालाही नाही. धूपदानी परत आणीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईन. उघडलंत तर एकच मागणं आहे. फळीवरचं नाव गुरुजींकडून किंवा दुकानातून लिहून आणू नका. यांनी तुमचं नाव लिहिलं, तसं यांचं तुम्ही लिहा. एकच 'शुभ' आहे, फार वेळ लागणार नाही.

मुळ्याच्या वड्या शेजारणीनं करून दिल्या. बसनं पाठवत नाही, येताना घेऊन येते.

तुमच्या धाकट्या भावाची पत्नी
पाओ-श्या